वाचकांचे प्रश्न : देवाने निवडलं, मग माणसाने काय करायचं?

ख्रिस्ती धर्मविचारातलं इच्छास्वातंत्र्य आणि तारण, म्हणजे पापातून आणि त्याच्या शिक्षेतून देवाने केलेली सुटका, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी आठ इथे घेतली आहेत. लांबलचक पत्रांतला फक्त प्रश्न ठेवला आहे. बहुतेक पत्रांत तीन वेगळे प्रश्न एकाच दोरीत वळलेले दिसतात. रोजच्या व्यवहारात माणसाला निवड करता येते का? देवाकडे वळायची ताकद त्याच्या अंगात आहे का? आणि देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर त्या वळण्याला अर्थ काय? हे तीन पीळ सुटे केले की निम्मा गुंता उलगडतो. उरलेला निम्मा खरा आहे, आणि तो सोडवल्याचा आव आम्ही आणणार नाही.

प्रश्न : इच्छास्वातंत्र्य नाकारणारे ख्रिस्ती विचारवंत माणसाला कळसूत्री बाहुली मानतात का? जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने तर पुस्तकाचं नावच ‘इच्छेचं दास्य’ अशा अर्थाचं ठेवलं होतं.

उत्तर : नाही, आणि खुलासा त्याच पुस्तकात आहे. डच विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तिला ल्यूथरने १५२५ मध्ये हे उत्तर दिलं. माणसाच्या खालच्या गोष्टींत, म्हणजे पैसाअडका, घरदार, मालमत्ता यांत, माणूस आपल्या मर्जीने वागू शकतो, हे ल्यूथर त्यात मान्य करतो. देवाशी आणि तारणाशी संबंध आला की मात्र नाही. ल्यूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्याच्या, अठराव्या कलमातही हेच आहे : नागरी सदाचार पाळायला आणि बुद्धीच्या आवाक्यातल्या गोष्टी निवडायला इच्छा काही प्रमाणात मोकळी आहे. कोणता धंदा करायचा, खरं बोलायचं की खोटं, असल्या निवडींवर भांडण नव्हतंच. इरॅस्मसनेही आपल्या व्याख्येत फक्त तारणाकडे नेणाऱ्या गोष्टींकडे वळण्याची किंवा त्यांच्याकडे पाठ फिरवण्याची शक्ती घेतली होती. वाद तेवढ्या एका जागेचा आहे.

इथे धर्माचार्य ऑगस्टीनने (३५४–४३०) केलेला एक भेद हाताशी ठेवावा. त्याच्या लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत. ‘लिबेरुम आर्बित्रियुम’ म्हणजे निवड करण्याची क्षमता. ती पतनानंतरही, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापानंतरही, माणसात शिल्लक आहे. ‘लिबेर्तास’ म्हणजे चांगलं ते आवडणं आणि ते करता येणं, ही हरवली. मराठीत आपण दोन्हींना ‘स्वातंत्र्य’ म्हणतो आणि मग एकाने पहिल्या अर्थाने केलेलं विधान दुसरा दुसऱ्या अर्थाने खोडत बसतो. अशा अर्ध्या चर्चा याच कारणाने वाया जातात.

मग निवड शिल्लक असूनही माणूस वळत का नाही? अमेरिकन धर्मविचारक जोनाथन एडवर्ड्‌सने १७५४ मध्ये दोन प्रकारची असमर्थता वेगळी केली : पायात बेड्या आहेत म्हणून जाता न येणं, आणि जायची इच्छाच होत नाही म्हणून जाता न येणं. आपल्याकडे दुसरीसाठी तयार शब्दप्रयोग आहे : ‘पाय निघत नाही’. पाय कोणी बांधलेला नसतो, तरी माणूस उंबरठ्यावरच राहतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले लोक पापी माणसाबद्दल हेच म्हणतात. त्याच्यावर जबरदस्ती नाही. त्याला जे हवं तेच तो करतो आहे, आणि त्याला जे हवं तेच बिघडलेलं आहे. जबाबदारी राहते ती म्हणूनच. हे पटो न पटो, पण कळसूत्री बाहुलीचा दृष्टान्त इथे लागू पडत नाही. बाहुलीला काही हवंसं वाटत नाही.

प्रश्न : स्वर्गात पाप करता येणार नाही म्हणतात. मग तिथे इच्छास्वातंत्र्य नसणार?

उत्तर : वरचा भेद इथे लगेच कामी येतो. ऑगस्टीनच्या लिखाणातून आलेली अवस्थांची मांडणी अशी : आदामाला पाप न करणं शक्य होतं, पतन पावलेल्या माणसाला पाप न करणं शक्य नाही, गौरवात पोहोचलेल्याला पाप करणं शक्य नाही. ऑगस्टीनच्या हिशेबात ही शेवटची अवस्था सगळ्यात मोकळी. अकराव्या शतकात अँसेल्मने तर स्वातंत्र्याच्या व्याख्येतून ‘पाप करता येणं’ काढूनच टाकलं. त्याचा युक्तिवाद साधा आहे : देवाला पाप करता येत नाही आणि देव पूर्ण स्वतंत्र आहे, तेव्हा पाप करण्याची क्षमता हा स्वातंत्र्याचा भाग असूच शकत नाही.

मात्र ‘दोन्ही वाटा खुल्या असल्याशिवाय स्वातंत्र्य नाही’ असं मानणाऱ्यांना हा प्रश्न खरोखर अडतो. त्यांचं नेहमीचं उत्तर असं की पृथ्वीवर मोकळेपणी केलेल्या निवडींतून स्वभाव घडतो आणि तिथे तो पक्का होतो. उत्तर वाईट नाही, पण ते देताना त्यांनी ऑगस्टीनची अर्धी वाट चाललेली असते.

प्रश्न : मी काय निवडणार हे देवाला अनादि काळापासून ठाऊक आहे. देवाचं ज्ञान चुकू शकत नाही. म्हणजे मला दुसरं काही करता येणार नाही. यात खोट कुठे आहे?

उत्तर : खोट ‘नक्की’ या शब्दाच्या जागेत आहे. दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिलं : ‘देवाला ठाऊक असेल तर ते घडतं, हे नक्की.’ दुसरं : ‘देवाला ठाऊक असेल तर ते घडणं नक्की, टळणं अशक्य.’ पहिल्यात नक्कीपणा आहे तो जोडणीचा, दुसऱ्यात घटनेचा. पहिलं खरं आहे; दुसरं त्यातून निघत नाही. सुमारे ५२४ साली तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथात बोएथियसने हे दाखवलं. एखादा माणूस बसलेला तुम्हाला दिसतो आहे, तर तो बसलेला आहे हे नक्की. पण तुमच्या पाहण्याने त्याला कोणी खाली बसवलेलं नाही. त्याआधी ऑगस्टीनने स्मरणाची तुलना वापरली होती : आपल्या आठवणीने भूतकाळ घडवून आणला नाही, तसं देवाच्या पूर्वज्ञानाने भविष्य घडवून आणलेलं नसतं.

बोएथियसने पुढची पायरीही घेतली. देवाला ‘आधी’ ठाऊक असतं असं म्हणणंच बरोबर नाही, कारण देव काळाच्या रांगेत उभा नाही. सगळा काळ त्याच्यासमोर एकदमच आहे. ही पायरी सगळ्यांना मान्य नाही. काळाबाहेरचा देव प्रार्थनेला ‘उत्तर देतो’ म्हणजे नेमकं काय करतो, हे सांगणं कठीण होऊन बसतं.

यापुढे वाचक हमखास घसरतात ते असे : पूर्वज्ञानाचा प्रश्न सुटला म्हणजे पूर्वनियोजनाचाही, म्हणजे देवाने सगळं आधीच ठरवून ठेवल्याचाही, सुटला असं धरून चालतात. बोएथियसचं उत्तर फक्त पाहणाऱ्या देवापुरतं आहे. ठरवणाऱ्या देवाचा प्रश्न तसाच उरतो. कॅल्विनने हे ओळखलं होतं. देवाला भविष्य दिसतं ते त्याने तसं ठरवलं आहे म्हणून, असं तो म्हणतो. मग नुसत्या पूर्वज्ञानावर वाद घालण्यात त्याला अर्थ वाटत नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रात (८:२९) ‘ज्यांच्याविषयी त्याला पूर्वज्ञान होतं’ असं आहे, तिथे क्रियापदाचं कर्म माणसं आहेत, त्यांच्या कृती नाहीत. कॅल्विनपंथी वाचक म्हणतात, इथे ‘जाणणं’ म्हणजे आपलं म्हणून आधीच प्रेमाने जवळ करणं. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या मागचे आर्मिनियसपंथी (आर्मिनियन) म्हणतात, ‘ते विश्वास ठेवतील हे जाणून’ असा अर्थ घ्यायचा. ग्रीक वाक्यात ‘विश्वास’ हा शब्द नाही, तसाच ‘प्रेम’ हाही नाही. दोन्ही बाजू पदरचं घालतात, हे दोघांनीही मान्य करायला हरकत नसावी.

आणखी एक वाट जेझुइट या कॅथलिक संघातला स्पॅनिश पंडित लुईस द मोलिना याने १५८८ मध्ये दाखवली. त्याने देवाच्या ज्ञानाचे तीन थर केले : काय काय शक्य आहे त्याचं, कोणता स्वतंत्र जीव कोणत्या परिस्थितीत काय करील त्याचं, आणि प्रत्यक्ष काय होणार त्याचं. मधल्या थराला ‘मध्यज्ञान’ म्हणतात. हा थर वापरून कोणतं जग निर्माण करायचं ते देव ठरवतो. त्यामुळे योजना देवाची राहते आणि निवड माणसाची. यासाठी दाखवली जाणारी जुनी साक्ष बायबलमधल्या १ शमुवेल २३ मधली. शौल राजा दावीदाच्या पाठीस लागला आहे आणि दावीद कईला गावात आहे. तो देवाला विचारतो, शौल इथे येईल का, आणि गावकरी मला त्याच्या हवाली करतील का? दोन्हींना उत्तर ‘हो’ असं मिळतं. दावीद आपल्या सुमारे सहाशे माणसांना घेऊन निघून जातो, शौल येतच नाही, आणि हवाली करण्याची वेळही येत नाही. देवाने सांगितलं ते ‘होणार’ नव्हतं, ‘झालं असतं’ होतं. मोलिनावर मोठा आक्षेप असा : त्या माणसांनी ती निवड कधी केलीच नाही, मग ‘केली असती’ हे वाक्य खरं कशाच्या जोरावर? आमच्या मते आक्षेप भक्कम आहे. तरी मोलिनाची मांडणी टाकाऊ ठरत नाही, कारण इतर मांडण्यांवरचे आक्षेपही तितकेच भक्कम आहेत.

प्रश्न : कॅथलिक, लुथरन, कॅल्विनवादी, आर्मिनियन, मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स यांच्यातला नेमका फरक सोपा करून सांगाल का? सगळे एकमेकांना ‘स्वतःच्या बळावर तारण मानणारे’ म्हणताना दिसतात.

उत्तर : एखादी मंडळी कुठे उभी आहे हे बघायला तिला चार प्रश्न विचारावेत. सुरुवात कोणाची? देवाची कृपा माणसाला नाकारता येते का? तारणासाठी देवाने माणसांची निवड कशाच्या आधारावर केली? मिळालेलं तारण हरवू शकतं का? चारांची उत्तरं एका साच्यात बसत नाहीत. गोंधळ होतो तो ती बसतील असं धरल्यामुळे.

सुरुवातीच्या प्रश्नावर आश्चर्य वाटेल इतकं एकमत आहे. माणूस निसर्गदत्त क्षमतेने देवाची आज्ञा पाळू शकतो, असं ऑगस्टीनचा समकालीन पेलॅगियस शिकवत होता. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात देवाला म्हटलं होतं, ‘तू जी आज्ञा करतोस ते दे, आणि मग हवी ती आज्ञा कर’. पेलॅगियसला ते वाक्य खटकलं होतं. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण नाकारली. नंतर दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) काही मठवासीयांनी मधला मार्ग काढला : कधी कधी पहिलं पाऊल माणसाचं असतं, मग देव हात देतो. ५२९ मध्ये ऑरेंज इथल्या परिषदेने तोही बंद केला. तिच्या २५ कलमांपैकी पाचवं सांगतं की विश्वासाची वाढच काय, विश्वासाची सुरुवात आणि विश्वास ठेवावासा वाटणं हेसुद्धा कृपेचं दान आहे. त्याच परिषदेने, देवाने काहींना वाइटासाठी नेमलं आहे ही शिकवणही धिक्कारली. पाश्चात्त्य परंपरेतल्या मुख्य मंडळ्या या चौकटीत आहेत. तेव्हा कॅथलिकांना किंवा आर्मिनियनांना ‘पेलॅगियसवादी’ म्हणणं ही शिवी आहे, वर्णन नाही.

फाटा फुटतो दुसऱ्या प्रश्नावर. इथे तीन दस्तऐवजांत एकच प्रतिमा फिरते, ती जवळून पाहण्यासारखी आहे. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या सहाव्या सत्रात म्हटलं की देवाने हलवलेली माणसाची इच्छा निर्जीव वस्तूसारखी पडून नसते. ती साथ देते आणि हवं तर नकारही देऊ शकते. लुथरनांच्या १५७७ च्या ‘एकमताच्या सूत्रा’ने उलट सांगितलं : देवाकडे वळण्याच्या बाबतीत माणूस दगडासारखा किंवा ओंडक्यासारखा आहे, किंबहुना त्याहून वाईट, कारण ओंडका निदान विरोध तरी करत नाही. आणि १६१८–१९ ची डॉर्टची सभा, जिथे कॅल्विनच्या बाजूचे लोक जमले होते, ती म्हणते की देवाची कृपा माणसांना दगड-ओंडक्यांसारखं वागवत नाही, इच्छा मोडून टाकत नाही. ती इच्छेला नवं जीवन देते, बरी करते, वळवते. म्हणजे ‘ओंडका’ म्हणणारे कॅल्विनवादी असतील या अंदाजाला इथे धक्का बसतो. डॉर्टचं म्हणणं असं की कृपा जबरदस्ती करत नाही, पण निवडलेल्यांच्या बाबतीत आपलं काम पुरं करते; वळवलेल्या मनाला नकार द्यावासा वाटतच नाही.

लुथरनांची जागा सगळ्यात विचित्र, आणि तीच सर्वाधिक चुकीची सांगितली जाते. तारलेला तारला गेला तो केवळ देवाच्या निवडीने, हे ते कॅल्विनइतकंच ठामपणे म्हणतात. पण कृपा नाकारता येते, मिळालेला विश्वास गमावता येतो, आणि देवाने कोणालाही नाशासाठी नेमलेलं नाही, हेही म्हणतात. मग एक वळतो आणि दुसरा का वळत नाही? एकमताचं सूत्र तिथे मुद्दाम थांबतं : वळला त्याचं श्रेय देवाचं, नाही वळला त्याचा दोष त्याचा, पुढे विचारू नका. तर्काला हे अपुरं वाटतं. त्यांच्या मते अपुरेपणा शास्त्रलेखाचा आहे आणि तो भरून काढणं हाच उद्धटपणा.

तिसऱ्या प्रश्नावर आर्मिनियन म्हणतात, देवाने आधी पाहिलेला विश्वास हा निवडीचा आधार. डॉर्ट म्हणते, केवळ देवाची मर्जी. कॅथलिक मंडळीने हा प्रश्न अधिकृतपणे उघडा ठेवला आहे. मोलिनाचे अनुयायी आणि बान्येझच्या मागचे डोमिनिकन (दुसऱ्या एका कॅथलिक संघाचे लोक) यांचा वाद १५९८ पासून रोममध्ये समितीपुढे चालला. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच तो थांबवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली. ऑर्थोडॉक्स परंपरा धर्माचार्य दमास्कसच्या योहानाच्या मागे जाते : देवाला सगळं आधी ठाऊक असतं, पण सगळं तो आधी ठरवत नाही. १६७२ च्या जेरूसलेमच्या सभेने कॅल्विनची निवडीची शिकवण स्पष्टपणे नाकारली. कृपा आणि इच्छा एकत्र काम करतात, या अर्थी त्यांचा आवडता शब्द ‘सिनर्जिया’, म्हणजे सहकार्य. दोन्ही सहकारी सारख्याच वजनाचे, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

चौथा प्रश्न लवकर आटपतो. डॉर्टच्या मते खरा विश्वासी शेवटपर्यंत टिकवला जातो. कॅथलिक, लुथरन, ऑर्थोडॉक्स आणि मेथडिस्ट यांच्या मते पडणं शक्य आहे.

आणि हो, भांडण जुनं असलं तरी कडा थोड्या झिजल्या आहेत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी देवाने पापी माणसाला नीतिमान ठरवण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारणासाठी माणूस पूर्णपणे देवाच्या कृपेवर अवलंबून आहे, हे दोघांनी एकत्र म्हटलं. माणसाच्या ‘साथ देण्या’चा अर्थ मात्र दोघांनी आपापल्या परिच्छेदात वेगवेगळा लिहिला. जागतिक मेथडिस्ट परिषद २००६ मध्ये आणि सुधारित मंडळ्यांची जागतिक संघटना २०१७ मध्ये त्या घोषणेशी जोडली गेली.

प्रश्न : आर्मिनियस म्हणायचा की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने विश्वास ठेवतो. बरोबर?

उत्तर : चूक. त्याच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्यातलं तिसरं कलम म्हणतं की तारक विश्वास माणसाला स्वतःपासून किंवा आपल्या स्वतंत्र इच्छेच्या बळावर मिळत नाही, त्याला नव्याने जन्मावं लागतं. चौथं कलम कृपेला सुरुवात, मध्य आणि शेवट म्हणतं. फक्त ती रोखता न येणारी नाही, एवढंच पुढे जोडतं. विश्वासी पडू शकतो का, हे पाचव्या कलमाने तेव्हा उघडं ठेवलं होतं. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याने याच वाटेने ‘पूर्वगामी कृपे’वर जोर दिला : प्रत्येक माणसात देव आधीच थोडी जाग आणून ठेवतो, म्हणून हो किंवा नाही म्हणता येतं. यावर टीका करायची तर ‘सगळ्यांना सारखीच जाग दिली, तर फरक पाडला कोणी?’ असं विचारा. हा बाण नेमका बसतो. ‘ते स्वतःच्या बळावर तारण मानतात’ हा बाण बसतच नाही.

प्रश्न : देवानेच फारोचं मन कठीण केलं आणि देवानेच त्याला शिक्षा दिली. हा न्याय कसा?

उत्तर : फारो म्हणजे इस्राएली लोकांना गुलामीतून सोडायला नकार देणारा इजिप्तचा राजा. निष्कर्षाआधी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे ४ ते १४ अध्याय पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता कोण ते समासात लिहा. ४:२१ आणि ७:३ मध्ये देव आधीच सांगतो, मी त्याचं मन कठीण करीन. मग देवाने इजिप्तवर पाठवलेल्या पीडा सुरू होतात. ७:१३, ७:२२ आणि ८:१९ मध्ये मन कठीण झालं किंवा राहिलं, एवढंच. कोणी केलं ते नाही. ८:१५ आणि ८:३२ मध्ये कर्ता फारो स्वतः. (हिब्रू आवृत्त्यांत आठव्या अध्यायाचे क्रमांक चारने मागे आहेत.) प्रत्यक्ष घडताना ‘परमेश्वराने कठीण केलं’ हे पहिल्यांदा ९:१२ मध्ये, सहाव्या पीडेनंतर येतं. आणि त्यानंतरही ९:३४ मध्ये पुन्हा फारोच कर्ता. लगेच पुढे १०:१ मध्ये देव म्हणतो, ‘मी’.

हिब्रूत त्यासाठी तीन धातू आहेत. एकाचा मूळ अर्थ बळकट करणं, दुसऱ्याचा जड करणं, तिसऱ्याचा कठीण करणं. ९:१२ मध्ये पहिला धातू आहे. मराठीत सगळीकडे ‘कठीण’ वाचताना ही छटा जाते : देवाने फारोच्या मनात नवा दुष्टपणा घातला असं त्यातून निघेलच असं नाही, त्याच्या आधीच्या हट्टाला बळ दिलं असंही ते वाचता येतं.

ओरिजेनने तिसऱ्या शतकात दिलेला दाखला अजून वापरला जातो : एकाच उन्हाने मेण वितळतं आणि चिखल घट्ट होतो. दाखला सुंदर आहे, पण तो फारोला चिखल मानून चालतो. तो चिखल का, हा प्रश्न राहतोच. आर्मिनियन वाचक ९:१२ च्या उशिरावर भर देतात : आधी फारोने पाच वेळा संधी घालवली, मग शिक्षा म्हणून देवाने त्याला त्याच्या हट्टाच्या हवाली केलं. कॅल्विनवादी ४:२१ वर बोट ठेवतात : सगळ्याआधी देवाने सांगून ठेवलं होतं, आणि रोमकरांस ९:१७-१८ मध्ये पौल हेच उचलतो. दोन्ही बाजूंची वचनं त्याच अध्यायांत आहेत. एकाच बाजूची यादी करून आलेल्या माणसाशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी निवडलेल्यांत आहे की नाही, या विचाराने झोप लागत नाही. कसं ओळखावं?

उत्तर : चूक बहुधा सुरुवातीच्या जागेत असते. देवाच्या गुप्त ठरावात डोकावून तिथून स्वतःकडे यायचा प्रयत्न केला, तर वाट सापडत नाही. कॅल्विनसारखा निवडीचा कडवा पुरस्कर्ताही हे करू नका म्हणतो. निवडीचा आरसा ख्रिस्त आहे, तिथे पाहा, असं त्याचं सांगणं. ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत वाचनाचा क्रमच लावून दिला : पहिल्या आठ अध्यायांत आपलं पाप, ख्रिस्त, कृपा आणि दुःख यांच्याशी झगडा, आणि मगच नऊ ते अकरा अध्यायांतल्या निवडीकडे या. क्रम उलटा केला की तेच अध्याय गळफास होतात. आम्ही वाचकांना नेहमी हाच क्रम सुचवतो, ते कोणत्याही मंडळीचे असोत.

डॉर्टने पहिल्या भागाच्या सोळाव्या कलमात अशाच माणसांना उद्देशून लिहिलं आहे : जिवंत विश्वास अजून जाणवत नसेल, पण देवाने नेमलेली साधनं तुम्ही वापरत असाल, तर नाकारलेल्यांच्या उल्लेखाने घाबरू नका आणि साधनं सोडू नका. साधनं म्हणजे वचन, प्रार्थना, संस्कारविधी. बाराव्या कलमात खुणाही दिल्या आहेत : ख्रिस्तावर विश्वास, मुलाला वडिलांचं असतं तसं देवाचं भय, पापाबद्दल दुःख, नीतिमत्त्वाची भूक. इथे एक धोका आहे. खुणा रोज मोजायला लागलं की त्या नाहीशा होतात. लक्ष ख्रिस्तावरून स्वतःच्या नाडीवर जातं.

कॅथलिक उत्तर वेगळं आहे. खास प्रकटीकरणाशिवाय आपल्या निवडीबद्दल पूर्ण खात्री कोणालाच नसते, असं ट्रेंट सांगते; आशा ठेवायची, गृहीत धरायचं नाही. आज आपण देवाचे आहोत याची खात्री मिळू शकते, असं वेस्ली म्हणे. उद्याची हमी मात्र तो त्यात धरत नसे. प्रश्न ‘कधी काळी ठरलं का’ असा असेल तर झोप उडते. ‘आज मी कोणाकडे तोंड करून आहे’ याचं उत्तर तुमच्या हातात आहे, आणि या चारही परंपरा तिथूनच सुरुवात करायला सांगतात. हे सगळं करूनही विचार थांबत नसतील, झोप आणि खाणंपिणं बिघडलं असेल, तर पाळकांइतकीच डॉक्टरांचीही गरज आहे. त्यात विश्वास कमी पडल्याचं काही लक्षण नाही.

प्रश्न : सगळं ठरलेलंच असेल तर प्रार्थना कशाला, सुवार्ता कशाला, चांगलं वागणं तरी कशाला?

उत्तर : फिलिप्पैकरांस पत्र २:१२-१३ आधी नीट वाचा. ‘भीत व कापत आपलं तारण साधून घ्या’ हे अर्धंच वाक्य भिंतीवर लागतं. पुढचं अर्धं ‘कारण’ने सुरू होतं : इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. पौलाच्या मनात ‘देव करतो म्हणून तुम्ही बसा’ नाही आणि ‘तुम्ही करा म्हणजे देव करील’ही नाही. देव करतो आहे हेच करण्याचं कारण म्हणून दिलं आहे. शिवाय ग्रीकमध्ये ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे; पत्र मंडळीला लिहिलं आहे.

पण या प्रश्नावर सगळ्यात उपयोगी प्रकरण एका जहाजावर घडतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. कैदी पौल रोमकडे निघाला आहे, वादळाने जहाज कित्येक दिवस भरकटवलं आहे, वाचण्याची आशा सुटली आहे. पौल सांगतो की देवाच्या दूताने त्याला कळवलं आहे : जहाज जाईल, पण एकही जीव जाणार नाही. ठरलं. त्यात जर-तर नाही. मग चौदाव्या रात्री खलाशी जहाजाच्या पुढच्या टोकावरून नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी पाण्यात सोडू लागतात, पळून जायला. तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो, ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. इथलं ग्रीक क्रियापद तेच आहे, जे इतरत्र ‘तारण’ म्हणून येतं.

हे विसंगत वाटत असेल तर कुठे वाटतं ते नेमकं सांगून पाहा. कॅल्विनवादी म्हणतो, देवाने शेवट ठरवला तेव्हा साधनंही ठरवली, आणि पौलाचं ओरडणं हे त्यांतलं एक. मोलिनाचा माणूस म्हणतो, त्या क्षणी इशारा दिला तर शिपाई काय करतील हे देवाला ठाऊक होतं. आर्मिनियन म्हणतो, अट खरीच होती, खलाशी गेले असते तर माणसं बुडाली असती. शिपायांनी यांतलं काही ठरेपर्यंत वाट पाहिली नाही. त्यांनी होडीचे दोर कापले. उजाडता उजाडता पौलाने सगळ्यांना खायला लावलं, जहाजावर २७६ माणसं होती, उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं केलं. किनाऱ्याजवळ ते वाळूत रुतून फुटलं. ज्यांना पोहता येत होतं त्यांनी आधी उड्या टाकल्या, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर आले, आणि सगळे जमिनीला लागले.